पाणी आजाऱ्याला, फोडी पाव्हण्याला

आधी एक सांगा, तुमच्याकडं मटण शिजलं की कुकरमधलं पहिलं अळणी पाणी कोणाला जातं? आजाऱ्याला, बाळंतिणीला, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, बरोबर ना. आणि फोडी? फोडी पाव्हण्याला, मग कर्त्या माणसाला, मग पोरांना, आणि बाई शेवटी पातेल्याच्या बुडाला राहिलेला रस्सा भाकरीनं पुसून खाती. हसताय म्हणजे सगळीकडं हेच आहे. मला आज हॉलवाल्यांनी विषय दिलाय घरच्या घरी ताकदीचं मटण सूप, आणि रेसिपी मी सांगणारच आहे, पण आधी ह्या पाण्याचं आणि फोडीचं भांडण मिटवू, कारण ताकद सगळी पाण्यात उतरते असं आपण पिढ्यान् पिढ्या धरून चाललोय.

मी बीएस्सी केमिस्ट्री केलं आणि मग डबे करायला लागले, दोन्ही गोष्टी गॅसवरच्याच. सोलापूरच्या पूर्व भागात राहते, निम्मे डबे कारखान्यावरच्या माणसांचे, निम्मे आता जिमच्या पोरांचे. ही पोरं डबा उघडायच्या आधी विचारतात, काकू ह्यात प्रोटीन किती. पहिल्यांदा मला राग यायचा, चव विचारायची सोडून हे काय बे. पण मग वाटलं, प्रश्न काही चुकीचा नाही, आपल्याला कोणी कधी विचारलाच नव्हता एवढंच.

मला तो प्रश्न पहिल्यांदा कळला मामांच्या आजारपणात, मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं, पहिला आठवडा पातळच द्या म्हणले होते, पुढं हळूहळू घट्ट द्या. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पायाचं सूप धरलं. रोज खूर आणायचे, रात्रभर मंद आचेवर ठेवायचे, सकाळी पांढऱ्या फडक्यातून गाळून पितळी वाटीत. सुंदर व्हायचं ओ ते, वाटी गार झाली की वरती थरथरणारी जेली, बोट लावलं की चिकटायचं. पातळचा आठवडा संपला तरी तेच, तीन आठवडे तेच. आणि मामा वाळत चालले. बनियन खांद्यावरनं घसरायला लागली, जिना चढताना चौथ्या पायरीवर बसायचे. तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या आहारवाल्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, आज्जी, गाळून राहिलेलं कुठं जातंय? आत्या म्हणल्या, ते आम्ही घरचे खातो की, वाया नाही घालवत. मॅडम काही बोलल्या नाहीत, माझ्याकडं बघितलं फक्त.

आता ह्यात केमिस्ट्री काय आहे ते थोडक्यात. मटण तापलं की त्यातलं खरं प्रोटीन, म्हणजे मासाचं, ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठतं आणि फोडीतच बसतं. पाण्यात उतरतं काय? मीठ, चव, वास, थोडी बी व्हिटॅमिनं, पोटॅशियम, चरबी, आणि युरिक ॲसिड वाढवणारे प्युरीन. म्हणून ज्यांना गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडनं सांधे दुखायचा त्रास आहे त्यांनी फोड एखादी खाल्ली तर एक वेळ चालेल पण वाट्याच्या वाट्या रस्सा नको, आपल्याकडं नेमकं उलटं करतात. आणि हाडाच्या, शिरांच्या, कातडीच्या कोलॅजनचं जिलेटीन होतं, ते उतरतं, तेच पायाचं थरथरणारं. जिलेटीन हे प्रोटीनच आहे, खोटं नाही, पण त्यात ट्रिप्टोफॅन नावाचा एक घटक नसतोच, आणि तो शरीर स्वतः बनवू शकत नाही. म्हणजे एकट्या जिलेटीनवर मास भरून येत नाही. पॅरिसमध्ये १९ व्या शतकात गरिबांना, दवाखान्यातल्या माणसांना हाडाचं जिलेटीन पाजून भागवायचा मोठा खटाटोप चालला होता, शेवटी माझांदी नावाच्या शास्त्रज्ञाच्या कमिटीनं १८४१ ला सांगितलं की नुसत्या जिलेटीनवर कुत्रीसुद्धा जगत नाहीत. एवढ्यानंही लोक ऐकले नाहीत. लीबिग हा केवढा मोठा जर्मन केमिस्ट, त्याच्या नावानं १८६५ ला कंपनी निघाली, उरुग्वेत फ्राय बेंतोस गावात ढिगानं गुरं कापून त्यांचा अर्क बरणीत भरायची, एक किलो अर्काला साधारण ३० किलो मास लागायचं, आणि नंतर कळलं की त्यात चव आहे, पोषण फारसं नाही. मोठमोठे लोक फसले, आत्यांचं काय घेऊन बसलाय.

पाया करू नका असं मी म्हणत नाही हां. थंडीत, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेनंतरच्या दिवसांत (यात्रेच्या दिवसांत आमच्याकडं मटण नाही) पायाला तोड नाही, तोंडाला चव येते, आजारी माणूस निदान घोटभर तरी घेतो. फक्त त्याला जेवण समजू नका.

जेवण करायचं तर फोड सूपमध्येच राहिली पाहिजे. आणि आजाऱ्याला चावत नसेल तर शिजवून, हाड काढून, पाट्यावर नाहीतर मिक्सरला फिरवून त्याच रस्स्यात परत घाला. हे आम्ही मामांना केलं. सोपं होतं ओ, कुणी सांगितलं नव्हतं म्हणून राहिलं होतं.

आता हिशेब. जिमची पोरं पुढं बसलीत म्हणून सांगते. आपल्या देशाच्या आयसीएमआरचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा, प्रोटीनचा आकडा आहे तो निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागं ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला, ऑपरेशनमधून उठलेल्याला जास्त लागतं, आणि किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय वाढवायचं नाही. कच्च्या मटणाच्या १०० ग्रॅम मासात साधारण २० ग्रॅम प्रोटीन. अर्धा किलो हाडासकट आणलं तर हाड वजा जाता ३५० ग्रॅम धरा, म्हणजे ७० ग्रॅम. त्यात १०० ग्रॅम मसूर डाळ घातली की आणखी २४. झाले ९४, चार वाडग्यांत वाटलं की माणशी २३ ग्रॅमच्या वर, आणि तुम्ही डब्याचा खर्च बघा, अर्धा किलोत चार माणसं पोटभर. ह्याउलट तेच अर्धा किलो शिजवून नुसतं पाणी गाळलं तर आजाऱ्याच्या पोटात दोन-चार ग्रॅम गेलं तर गेलं.

डाळ आणि मटण ऐकून नाक मुरडू नका. रमजानमध्ये विजापूर वेशीत संध्याकाळी जाऊन बघा, हलीम काय असतं? गहू, डाळ, मटण, तूप, घोटून घोटून एकजीव केलेलं. हैदराबादच्या हलीमला तर २०१० ला जीआय, म्हणजे त्या गावच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळाला. मला विचाराल तर ताकदीचं सूप जगात कुठं शोधायला जायची गरज नाही, हलीम जरा पातळ करा, झालं.

मटण घेताना खांदा आणि नळी मिसळून घ्या, नुसतं रान, म्हणजे मांडीचं, घेऊ नका, रान कोरडं होतं. खांद्यात शिरा असतात, शिजायला वेळ लागतो पण रस्सा दाट तिथूनच येतो. आपल्याकडं शेजारच्या धाराशिवकडची उस्मानाबादी शेळी, बोकड, हेच जास्त मिळतं. सगळ्यांना कवळं पाहिजे असतं. सुक्याला कवळं ठीक आहे, सूपला मी जरा जून मागते, दुकानदार माझ्याकडं बघत राहतो. जून बोकडाच्या मासाला चव जास्त, फक्त वेळ द्यायची तयारी पाहिजे.

गार पाण्यात मटण टाका, हळद, चिरलेला कांदा, आलं-लसूण, थोडं मीठ. उकळी यायला लागली की वर राखाडी फेस येतो, त्याला घाण म्हणून ओरडू नका, ते गोठलेलं प्रोटीनच असतं, सूप गढूळ होतं म्हणून झाऱ्यानं काढायचं इतकंच. मग मंद. इथं सगळे चुकतात, जाळ मोठा ठेवतात, मटण खदखदतं आणि फोड आकसून दोरीसारखी होते. पातेल्यात नुसते बुडबुडे फुटत राहिले पाहिजेत, झाकण अर्धं, दीड-दोन तास. सोलापूर साधारण ४५० मीटर उंचीवर आहे म्हणून आपल्याकडं पाणी १०० ला नाही, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं, फरक फार नाही, पण गॅस वाढवून पाणी त्याच्यावर तापत नाही हे लक्षात ठेवा, वाफ होऊन जातं फक्त. घाई असेल त्यांनी कुकर लावा, त्यात १२० पर्यंत जातं. कुकरचा मूळपुरुष पापिन, त्यानं १६७९ ला ते भांडं बनवलं तेच मुळी हाडं मऊ करायला, भात नंतर आला. कवळं असेल तर चार-पाच शिट्ट्या, जून असेल तर एक शिट्टी आणि मग बारीक गॅसवर २५ मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्या, शिट्टी उचलून फुसफुस करू नका.

डाळ मटण निम्मं शिजल्यावर. टोमॅटो किंवा चिंच डाळ शिजल्यावरच, आंबट आधी पडलं की डाळ हट्टाला पेटते, तासभर झाला तरी दाणा तसाच. आमच्या शेजारच्या तेलुगू मावशी शेवटी पुंटीकूर टाकतात, आपण अंबाडी म्हणतो ती, मूठभर, आणि पाच मिनिटांत उतरवतात. काय चव येते ती मी सांगत नाही, करून बघा.

दाटपणाला कॉर्नफ्लोअर का घालता? ते नुसतं स्टार्च. आपल्याकडं ज्वारीचं पीठ आहे, गार पाण्यात कालवून घाला नाहीतर गुठळ्या होतात. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाला घालून दळलेलं पीठ, असेल तर त्याहून बेस. आणि सोलापुरात राहून शेंगा विसरलात तर काय म्हणायचं, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट दोन चमचे, शेवटी, १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रोटीन असतं, दोन चमच्यांत चारेक ग्रॅम आलं. काळं तिखट चवीपुरतं, आजाऱ्याला नको.

चिकनचं वेगळं. जिमवाली पोरं ब्रेस्ट आणून कुकरला लावतात, मग काकू, रबर का झालं. त्याला शिराच नाहीत तर शिट्ट्या कशाला? हाडाचे तुकडे आधी तासभर उकळून रस्सा करा, मग त्यात ब्रेस्ट अख्खं सोडा, मंद आचेवर १५-२० मिनिटं, आतून गुलाबी राहता कामा नये, काढा, हातानं पिंजा, परत रस्स्यात. वरून एक अंडं फेटून धार धरून सोडा, आणखी सहा ग्रॅम. रोज मटण परवडत नाही म्हणणाऱ्यांना हेच सांगते.

कलेजीचं विचारलं मघाशी एका ताईंनी. लोह भरपूर, आठवड्यातनं एकदा चालेल, अगदी शेवटी पाच-सात मिनिटं. पोटुशी बाईला मात्र नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

राहिलेल्या सूपचं सांगते आणि थांबते, कारण ह्यात मी स्वतः मार खाल्लाय. मे महिना, रात्री दहाला १५ लिटरचं पातेलं उतरवलं, उद्याच्या डब्याचं, झाकण लावून ओट्यावर ठेवलं आणि झोपले, म्हणलं उकळलंय तर काय होतंय. मोठं पातेलं, आत ऊब तशीच राहते, बाहेर सोलापूरचा उन्हाळा. सकाळी झाकण काढलं तर कडेनं बारीक बुडबुडे, गॅस बंद असताना. ३० डबे त्या दिवशी पिठलं-भाकरीवर गेले आणि पोरांनी आठवडाभर चिडवलं. परत उकळून घ्यायचं ना, असं आत्या म्हणत होत्या. नाही, काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही. तेव्हापासून उतरवलं की लहान पातेल्यांत वाटून घेते, पातेली गार पाण्याच्या परातीत, पाणी दोनदा बदलते, आणि तासाभरात फ्रीजमध्ये. वर चरबीचा थर धरतो, तो सकाळी चमच्यानं निम्मा काढते, निम्मा ठेवते, सगळा काढला तर चव जाते.

फ्रीजमध्ये जागा नसली तर काय, असं मागनं कोणीतरी विचारतंय. तर तेवढंच करायचं ओ जेवढं रात्री संपेल, आणि आधी फोडी वाढायच्या.