पुरुमेंताचा शुक्रवार

नमस्कार श्रोतेहो.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गोव्यात कुणाला सांगायला नको. एप्रिल-मे लागला की तिथे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची झुंबड उडते. सुकी मिरची, सोलं म्हणजे आमसुलं, चिंच, व्हिनेगर, सुके बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे सुक्या मासळीचा डबा रिकामा राहून चालत नाही.

आता गंमत बघा. या मालाची खरी परीक्षा खरेदीच्या दिवशी होतच नाही. मिरची नीट वाळलेली नसेल, तर ते कळतं जुलैत, बरणीचं झाकण उघडल्यावर. म्हणून जाणती गिऱ्हाईक बाई मिरची उचलून कानाशी हलवते. आत बी खुळखुळलं पाहिजे. देठ मोडून वास घेते. सोलं बोटांत दाबून ओल बघते. एवढं करूनही शेवटी ती विकणारीच्या तोंडाकडे पाहते, "गेल्या वर्षीसारखीच ना गो?" म्हणून विचारते, आणि मग पिशवी पुढे करते.

विकणारी फसवू शकत नाही असं नाही. पण पुढच्या शुक्रवारी तिला त्याच जागेवर बसायचं असतं. बुरशी आलेली मिरची घेऊन कुणी चार बायकांदेखत उभी राहिली, तर त्या दिवसाचा धंदा बसलाच म्हणून समजा. तिच्या मालाची हमी म्हणजे ती स्वतः. दुकानाची पाटी नाही, जाहिरात नाही. पालिकेचा सोपो, म्हणजे बाजारात बसायची फी, भरला आणि टोपली मांडली, झालं.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. टोपलीसमोर गिऱ्हाईक बोलतं. "तुझं लोणचं खारट झालंय", "लहान पुडी नाही का, घरात आम्ही दोघंच", असं तोंडावर सांगतं. फोनवरून मसाला विकणाऱ्या माझ्या ओळखीच्या काही जणी आहेत. त्यांचं गिऱ्हाईक नाराज झालं की कटकट करत नाही, नुसतं परत येत नाही. का गेलं, ते त्यांना कधी कळतच नाही. फोनवरचा धंदा वाईट, असं माझं म्हणणं नाही. ऊन नाही, पाठदुखी नाही, दूरच्या गावी माल जातो. बाजारातही आता टोपलीशेजारी क्यूआर कोडची पाटी दिसते, आणि बरंच झालं, सुट्ट्या पैशांची कटकट वाचली.

पण घरी मसाला किंवा पापड करणाऱ्यांनी अधूनमधून तरी बाजारात स्वतः बसावं. भाच्याला पाठवू नका, घाऊक घेणाऱ्याच्या हाती सगळाच माल देऊ नका. चव बघायला वाटीभर उघडं ठेवा. सुरुवातीला लोक नुसते बघून पुढे जातील, थोडं चाखतील, भाव विचारतील. विक्री बेताचीच होईल. तरी जागा बदलू नका, कारण आवडलं तर ते पुढच्या शुक्रवारी तुम्हाला तिथेच शोधत येतील.