चौथ्या पायरीवरचे ३६,२७७

मित्रहो, संयोजकांनी पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘फुटबॉलचा क्लब नेमका कुणाचा?’ त्या प्रश्नाकडे मी येणार आहे. पण आधी एका मोसमाची गोष्ट सांगू द्या. रोमानिया, बुखारेस्ट शहर, २०१७-१८ चा मोसम. बरीच वर्षं ही गोष्ट मी जवळ बाळगून आहे, आणि कोल्हापुरात फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या माणसांसमोर ती सांगायची नाही, तर कुणासमोर सांगायची?

तिथल्या लीगच्या पायऱ्या आधी समजून घ्या. लीगा एक, दोन आणि तीन या देशपातळीवरच्या. चौथी पायरी मात्र जिल्ह्याची. ४१ जिल्ह्यांची आणि बुखारेस्टची प्रत्येकी वेगळी लीग असते. आपल्या भाषेत जिल्हा संघटनेची लीग. मैदानाच्या कडेला घरचीच माणसं उभी, असा सगळा प्रकार.

आता ऐका. १४ एप्रिल २०१८ ला या चौथ्या पायरीवरचा एक सामना बुखारेस्टच्या राष्ट्रीय स्टेडियमवर झाला. साधारण ५५ हजार क्षमतेचं ते स्टेडियम. प्रेक्षक आले ३६,२७७. लीगा चारच्या सामन्याला एवढी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती. शाहू स्टेडियमची गर्दी पाहत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसालाही हा आकडा प्रथम वाचला तेव्हा छापण्यातली चूक वाटला.

ही माणसं का आली? त्यासाठी मागं, १९८६ च्या ७ मे ला जावं लागेल. स्पेनमधल्या सेव्हियाच्या मैदानात युरोपियन कपची, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेची अंतिम लढत. एका बाजूला बार्सिलोना, दुसऱ्या बाजूला स्तेआवा. स्तेआवा म्हणजे तारा. १९४७ साली लष्करानं काढलेला बुखारेस्टचा हा क्लब. १२० मिनिटं खेळून गोल नाही. मग पेनल्टी. स्तेआवाच्या पहिल्या दोन्ही पेनल्टी अडवल्या गेल्या. नंतर लाकातुशनं मारली, ती गेली. बालिंटनं मारली, तीही गेली. आणि बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी हेल्मुट डुकाडामनं अडवल्या. चारपैकी चार! पूर्व युरोपातल्या क्लबनं हा कप जिंकण्याची ती पहिली वेळ.

डुकाडामबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. अराद जिल्ह्यातल्या सेमलाक गावचा हा गोलकीपर. सेव्हियानंतर काही आठवड्यांतच त्याच्या हातात रक्ताची गुठळी झाली आणि स्तेआवासाठी तो पुन्हा उभा राहू शकला नाही. तीन वर्षांनी हा माणूस परतला तो अरादच्या वागोनुल नावाच्या संघात, खालच्या डिव्हिजनमध्ये. ज्यानं युरोपचा कप हातात घेतला, तो खालच्या डिव्हिजनमध्ये पुन्हा हातमोजे चढवतो. मला हे चार पेनल्टींहूनही मोठं वाटतं. पुढं तो सीमा पोलिसांत नोकरीला होता. २०२४ च्या डिसेंबरात तो गेला. त्या दिवशी मी दुसरं काहीच केलं नाही. ते पेनल्टींचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहत बसलो.

तर स्तेआवा. १९८९ ची क्रांती झाली, कम्युनिस्ट राजवट गेली. १९९८ मध्ये फुटबॉलचा विभाग लष्करी क्लबातून वेगळा निघाला आणि २००३ पासून जीजी बेकाली या उद्योजकाच्या हातात गेला. २०११ मध्ये लष्कर कोर्टात गेलं. नाव आमचं, रंग आमचे, चिन्ह आमचं. २०१४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं लष्कराच्या बाजूनं निकाल दिला. लगेचच्या घरच्या सामन्यात बेकालीचा संघ पिवळ्या कपड्यांत उतरला. फलकावर क्लबच्या नावाच्या जागी ‘रोमानियाचे विजेते’ एवढंच आलं, चिन्हाची जागा कोरी. गतविजेता संघ आपल्याच मैदानावर बिनानावाचा उभा! २०१७ मध्ये त्या क्लबनं एफसीएसबी हे नाव घेतलं, आणि त्याच वर्षी लष्करानं स्वतःचा फुटबॉल विभाग पुन्हा सुरू केला. नव्या संघाला वर थेट प्रवेश कुठला? उतरा चौथ्या पायरीवर.

इथं जुन्या माणसांतही फाळणी झाली. लाकातुश लष्कराच्या संघाशी जोडला गेला. डुकाडाम बरीच वर्षं एफसीएसबीचा मानद अध्यक्ष होता. सेव्हियाला एकाच संघातून खेळलेली ही दोघं. दोघांपैकी कुणालाही मी गद्दार म्हणणार नाही, आणि इथं कुणी म्हणू नये, ही माझी विनंती आहे.

आणि त्या १४ एप्रिलच्या सामन्यात लष्कराच्या स्तेआवासमोर कोण? रॅपिड. १९२३ मध्ये ग्रिवित्साच्या रेल्वे कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला क्लब. गडद चेरीचा रंग, जुलेश्तचं मैदान, तीन वेळा देशाचा विजेता. २०१६ मध्ये तो दिवाळखोरीत बुडाला. त्याच्या नावानं एकाहून जास्त संघ उभे राहिले. त्यातल्या अकॅडेमिया रॅपिडमागं अखेर माणसं एकवटली, तेही चौथ्या पायरीवर. म्हणजे शहराचे दोन जुने वैरी, एक कोर्टातून आणि एक दिवाळखोरीतून, तळाच्या लीगमध्ये समोरासमोर आले. त्या दिवशीची ३६,२७७ माणसं कपासाठी आली नव्हती. समोर उभा आहे तो आपलाच संघ आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला आली होती.

मोसमाच्या शेवटी वर गेला रॅपिड. २०१९ मध्ये लीगा दोन, २०२१ मध्ये लीगा एक. स्तेआवाला लीगा चारमधून सुटायला २०२० उजाडलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं. मूळ विषय आता भराभर मांडतो.

क्लबवर दावा तीन प्रकारचा असतो. एक कागदाचा, दुसरा पैशाचा, तिसरा पायांचा, म्हणजे मैदानापर्यंत चालत येणाऱ्या माणसांचा. स्तेआवाच्या बाबतीत कागद लष्कराकडे, पैसा बेकालींकडे. युएफा, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलची संघटना, १९८६ चा कप एफसीएसबीच्या खात्यावर मांडते, देशातल्या कोर्टानं नाव लष्कराला दिलं. या भांडणात प्रेक्षकाला कुणी पक्षकारच मानलं नाही. माझं म्हणणं आहे की वारसा त्याचा, जो क्लबबरोबर चौथ्या पायरीपर्यंत खाली उतरतो. वर असताना सगळेच असतात.

पण नुसत्या प्रेमावर क्लब टिकत नाही, हेही खरं. लष्कराचा स्तेआवा २०२१ मध्ये लीगा दोनला पोचला, आणि तिथं अडला. सरकारी खात्याचा क्लब असल्यामुळं पहिल्या लीगचा दरवाजा तेव्हा त्याला बंद होता. मैदानात जिंकून उपयोग नव्हता. उलट रोमानियातल्याच तिमिशोआरा शहरात २०१२ नंतर चाहत्यांनी स्वतःची संघटना उभारून विद्यापीठाच्या नावाचा संघ खालपासून खेळवत लीगा दोनपर्यंत नेला. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. आपल्याकडे मुंबईचा महिंद्रा युनायटेड क्लब २०११ मध्ये बंद झाला, कंपनीनं ठरवलं आणि झालं. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीग ही देशपातळीवरची लीग सोडली. प्रेक्षकाला कुणी विचारलं?

कोल्हापूरचं वेगळं आहे. इथं संघ तालमीचे, तालमी पेठेच्या. पेठेतला पोरगा खेळतो आणि पेठ त्याच्यामागं उभी राहते. पण आता बाहेरचे खेळाडू येतात, प्रायोजक येतात, जर्सीवर नावं येतात. ते यावेतच, पैसा लागतोच. मी एवढंच म्हणतो की नाव, रंग आणि चिन्ह ही तालमीच्या सभासदांच्या नावे रीतसर नोंदवून ठेवा, आणि घटनेत लिहा की सभासदांच्या मताशिवाय यातलं काहीही विकता किंवा भाड्यानं देता येणार नाही. रॅपिडच्या माणसांना आपलंच नाव लिलावातून परत घ्यावं लागलं.

घंटा झाली. समोर तालमींची जी पदाधिकारी मंडळी बसली आहेत, त्यांनी चहाच्या वेळी मला एक सांगावं. तुमच्या संघाचं नाव आज कागदावर कुणाच्या नावानं आहे?