बँकेच्या धर्मपंडितांवर देखरेख कोणाची? मलेशियाचे उदाहरण

नमस्कार. इस्लामी बँक व्याज घेत नाही, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तिचा एखादा करार शरीयतला धरून आहे की नाही हे ठरवते कोण? हा निर्णय बँकेने नेमलेली धर्मपंडितांची समिती देते आणि तिचे मानधनही बँकच भरते. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण येथे आठवल्यावाचून राहत नाही.

मलेशियातील पहिली इस्लामी बँक १९८३ साली सुरू झाली. पुढे १९९७ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेने, म्हणजे बँक नेगारा मलेशियाने, या सर्व समित्यांच्या वर स्वतःचे शरीयत सल्लागार मंडळ बसवले. २००९ च्या कायद्याने त्याचा शब्द अखेरचा ठरवला: बँकेची समिती आणि मंडळ यांच्यात मतभेद झाला, तर मंडळाचेच मत चालते. एका पंडिताला एकाच वेळी दोन बँकांच्या समित्यांवर बसता येत नाही; माझ्या मते हा साधा नियमच सर्वांत उपयोगी आहे. २०१३ च्या कायद्यानुसार तर शरीयतभंगासाठी ८ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा अडीच कोटी रिंगिटपर्यंत (रिंगिट हे मलेशियाचे चलन) दंड होऊ शकतो.

खरा पेच न्यायालयात उभा राहिला. शरीयतचा मुद्दा निघाला की न्यायाधीशांनी तो मंडळाकडे पाठवावा आणि आलेले उत्तर बंधनकारक मानावे, असे २००९ चा कायदा सांगतो. कुवेत फायनान्स हाउस या इस्लामी बँकेकडून जहाजे भाडेकरारावर घेणाऱ्या जेआरआय रिसोर्सेस या कंपनीच्या प्रकरणात, जहाजांच्या देखभालीचा भार कोणावर या वादातून, ही तरतूदच घटनाबाह्य असल्याचा दावा फेडरल न्यायालयापर्यंत, म्हणजे मलेशियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला. एप्रिल २०१९ मध्ये नऊ न्यायाधीशांनी ५ विरुद्ध ४ मतांनी ती वैध ठरवली. मंडळ केवळ शरीयतचा नियम कोणता ते सांगते, तो प्रकरणाला लावून निवाडा न्यायालयच देते, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायदानाचा अधिकार अशा रीतीने न्यायालयाबाहेर जातो, असे विरोधी मत देणाऱ्यांत खुद्द सरन्यायाधीश रिचर्ड मलांजुम होते.

मला अल्पमत अधिक पटते. पंडितांना बँकेच्या दबावातून सोडवणारे मंडळ हवेच. पण त्याचे उत्तर न्यायाधीशालाही बांधून टाकत असेल, तर त्या उत्तराविरुद्ध स्वतःचा तज्ज्ञ उभा करून कर्जदाराला काहीच साधता येत नाही.