खर्जाच्याही खाली

[दृश्य: नेरूळ. सिडकोच्या जुन्या इमारतीतली खोली. भिंतीला उभी लावलेली कापसाची गादी. टेबलावर पाण्याचा पेला, स्टीलची स्ट्रॉ, फोनवर तानपुरा.]

निवेदन:

संध्याकाळचे सात. शेजारी मालिका लागली आहे, वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत. रियाझाला याहून बरी वेळ नाही. या अर्ध्या तासात इमारतीत कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. पहिल्या आठवड्यात मात्र समोरच्या काकूंनी दार वाजवून विचारलं होतं, "अगं, उलट्या होतायत का? लिंबूपाणी देऊ?"

फोनवर पांढरी सहाचा, म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा, तानपुरा लागतो. लहानपणी काही वर्षं सुगम संगीत शिकलेली, ऑफिसच्या गणपतीत अभंग म्हणणारी ही मुलगी आता डेथ मेटल या जहाल रॉक संगीतातला आवाज शिकते आहे. चढावर गिअर अडकलेल्या ट्रकसारखा, घोगरा, खालचा आवाज. मेटलवाले त्याला ग्राउल म्हणतात. वरच्या पट्टीत तोच आवाज किंचाळीसारखा धारदार झाला की स्क्रीम. बाहेरच्याला दोन्ही आरडाओरडाच वाटतात आणि नव्याने शिकणाराही तसंच समजून सुरुवात करतो. बहुतेकांचा घसा तिथेच बसतो.

[दृश्य: स्वरयंत्राचं रेखाचित्र, वरून पाहिल्यासारखं.]

आपण बोलतो ते स्वरतंतूंनी. बाईच्या गळ्यात ते साधारण १० ते १५ मिलिमीटर लांब असतात आणि पांढरी सहाचा सा लावला की सेकंदाला जवळपास २२० वेळा एकमेकांवर आपटतात. त्यांच्या जरा वर, मध्ये एक खोबण सोडून, मांसल पट्ट्यांची दुसरी जोडी असते. हे खोटे स्वरतंतू. गाणं हे त्यांचं काम नाही. घास गिळताना, खोकताना, जड वजन उचलताना श्वासनलिका बंद करायची, एवढीच त्यांची नेमणूक. भरलेला गॅस सिलिंडर उचलताना घशातून जो 'ह्ं' निसटतो, तो निघतो तेव्हा या पट्ट्या जवळ आलेल्या असतात.

ग्राउलमध्ये त्यांनाच कामाला लावायचं असतं. खालचे खरे स्वरतंतू सूर धरतात, वरच्या पट्ट्या हवेच्या झोताने थरथरतात. कधीकधी त्या खालच्यांच्या बरोबर निम्म्या वेगाने हलतात आणि २२०चा सूर कानाला ११०चा लागतो, म्हणजे एक सप्तक खाली. रशियातल्या तुवा प्रांतातल्या कारगिरा नावाच्या कंठगायनात हेच नियमितपणे साधलेलं असतं. ग्राउलमध्ये ती थरथर मुद्दाम अनियमित ठेवतात, म्हणून सूर पुसट होतो आणि खरखर उरते. बायकांना हा आवाज जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आर्च एनिमी या स्वीडिश बँडमधली अँजेला गॉसो ऐकावी. २००० ते २०१४ ती त्या बँडमध्ये गात होती, आणि नव्याने ऐकणाऱ्याला गाणारी बाई आहे हे सांगावं लागतं.

दुसरी पद्धत फ्रायची. सकाळी उठल्या उठल्या "हं" म्हणताना आवाजात जी कडकड येते, ती फ्राय. त्यात खरे स्वरतंतू सैल, आखडलेले आणि जेमतेम हलणारे. तीच कडकड हवेच्या मोजक्या दाबावर वर नेली की पातळ, चिरका स्क्रीम तयार होतो. हवा कमी लागते आणि आवाजही लहान असतो. नवशिक्याने दोन्ही एकदम शिकू नयेत. घसा दोन्हींची खिचडी करतो आणि मग कुठे काय दुखतंय ते कळत नाही. या मुलीने खोट्या स्वरतंतूंपासून सुरुवात केली. जाड आवाज हवा असेल तर तेच बरं.

[दृश्य: पेल्यात स्ट्रॉ. बुडबुडे जवळून.]

पहिली दहा मिनिटं ग्राउल नाहीच. पेल्यात पाणी, स्ट्रॉचं टोक पाण्याखाली दोन सेंटिमीटर, ओठ घट्ट, आणि स्ट्रॉमधून 'ऊ' म्हणत सा. दहा सेकंद. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. जिथे बुडबुडा तुटतो तिथे श्वास तुटला. कान ज्या गोष्टीला फसतो, ती पाणी दाखवतं. मग सा ते पंचम सावकाश मींड, म्हणजे आवाज न तोडता घसरत, वर आणि खाली, पाच वेळा. स्ट्रॉमुळे तोंडात थोडा उलटा दाब तयार होतो आणि स्वरतंतू जोरात न आपटता हलायला शिकतात. पुढे पुढे टोक आणखी खोल बुडवायचं, पण फार खोल नेलं तर नुसती दमछाक. २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर मिळणारी कागदी स्ट्रॉ दोन मिनिटांत लगदा होते, म्हणून स्टीलची.

त्यानंतर श्वास. चार मात्रांत आत, बरगड्या बाजूला फुलवत, खांदे जागेवर. बाहेर जाताना 'स्स्स्' एकाच जाडीचा, २० सेकंद. बरगड्या शेवटपर्यंत फुललेल्या ठेवायच्या, छाती खाली बसू द्यायची नाही. ३० सेकंद जमले की पुरे. मिनिटभराचा विक्रम करून ग्राउलला काही उपयोग नाही. ग्राउलमध्ये हवा सुरू होताच भसकन संपते, हाच मूळ प्रश्न आहे. वाक्याचे पहिले दोन शब्द दणदणीत आणि पुढचे चार शब्द खोकला, असं होतं ते पोट सुरुवातीलाच आत ओढल्यामुळे.

[दृश्य: आरशासमोर. चेहरा, मग मान.]

आता मुख्य गोष्ट. चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा 'हाऽऽ'. नुसती हवा, सूर नाही. तीच हवा चालू ठेवून घसा किंचित अरुंद करायचा, सिलिंडर उचलण्याच्या बेतात असल्यासारखा, पण पूर्ण बंद करायचा नाही. कुठेतरी एक खरखर चिकटते. तीन सेकंद धरायची आणि सोडायची. एक मिनिट गप्प बसायचं. असं पाच वेळा. पहिला महिना दिवसाला यापुढे जायचं नाही, आणि आठवड्यातून दोन दिवस सुट्टी.

सूर नंतर येतो. खरखरीखाली मंद्र सप्तकातला एखादा आरामाचा स्वर हळूच सरकवायचा. इथे खर्जाचा रियाझ केलेल्या माणसाला हात मिळतो, खालचा स्वर दाब न देता कसा ठेवायचा हे त्याच्या गळ्याला माहीत असतं. पण तोच माणूस दुसरीकडे अडतो. वर्षानुवर्षं त्याने खुल्या, स्वच्छ 'आ'कारासाठी हवेची गळती बंद केलेली असते, आणि आता तिलाच मुद्दाम वाट करून द्यायची. या मुलीला तीन आठवडे फक्त भसाडा 'आ'कार येत होता. बिघडलेलं भजन. गुण जुन्या शिकण्याचे, पण अडसरही त्याचाच.

चुका कुठल्या? सगळ्यात मोठी म्हणजे मोठ्याने करणं. ध्वनिमुद्रणात ग्राउल डोंगराएवढा ऐकू येतो, म्हणून शिकणारा डोंगराएवढा जोर लावतो. प्रत्यक्षात नीट केलेला ग्राउल गप्पांच्या आवाजाहून फार मोठा नसतो. तो माइकला जवळजवळ तोंड टेकवून केलेला असतो, मोठं करण्याचं काम माइकचं. जोर वाढवला की खोट्या पट्ट्या पूर्ण मिटतात, हवा अडते, खोकला येतो. त्याहून वाईट म्हणजे भार खालच्या खऱ्या स्वरतंतूंवर जातो. ते सुजतात. असं महिनोन्महिने चाललं तर त्यावर गाठी धरतात, शिक्षकांच्या आणि भाजीवाल्यांच्या गळ्यात धरतात तशाच.

हनुवटी पुढे काढणं ही दुसरी. आरसा त्यासाठीच. हनुवटी पुढे गेली किंवा मानेची शीर दोरीसारखी उभी राहिली की थांबायचं. जीभ मागे गिळणंही तसंच, त्यातून आवाज खोल गेल्याचा भास होतो, पण शब्द मरतात. श्वास आत ओढताना ओरडण्याची युक्ती व्हिडिओंतून फार पसरली आहे. सोपी वाटते, पहिल्याच दिवशी डुकरासारखा आवाज निघतो, पण त्यावर ताबा जवळपास नसतो आणि घसा कोरडा पडतो. सोडून द्यावी.

[दृश्य: वहीत लिहिलेले मराठी शब्द. ओठ जवळून.]

मराठीत ग्राउल करताना वेगळंच काहीतरी हाती लागतं. खालचा, गुहेतला आवाज हवा असेल तर ओ आणि ऊ, ओठ गोल. वरचा हवा असेल तर ए आणि ॲ, ओठ ताणलेले, दात दिसणारे. स्वर बदलला की तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो, घशात काही करावं लागत नाही. महाप्राण अक्षरं तर आयतीच हवा घेऊन येतात. 'घाव', 'भडका', 'काळोख' म्हणताना घ, भ, ख यांच्याबरोबर जो झोत सुटतो, त्यावर खरखर लगेच चढते. अनुस्वार मात्र वैरी. 'अंधार' म्हणताना पडजीभ खाली येते, हवा नाकात जाते आणि ग्राउल अर्ध्या क्षणापुरता विझतो. त्यावर उपाय म्हणजे अनुस्वार इतका आखूड करायचा की जेमतेम लागावा, आणि लगेच 'धा'वर आदळायचं. 'वादळ'मधला ळ उलट गोड लागतो, जीभ मागे वळून सुटताना आवाजाला एक लचका देते. इंग्रजीत गाणाऱ्यांना हे सुख नाही.

शब्द मेट्रोनोमवर बसवायचे. मिनिटाला ८० ठोके, एका ठोक्याला दोन अक्षरं, चार ठोक्यांची एक ओळ, एका श्वासात. १२०वर जाईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. चाळीस मिनिटांचा कार्यक्रम पेलायला वर्ष धरावं. त्याहून लवकर जमवणारे भेटतात, पुढे त्यातले कितीजण गात राहतात ते बघावं.

[दृश्य: पामबीच रोड, संध्याकाळची रहदारी. मग लोकलचा डबा.]

घसा रियाझाबाहेरच जास्त बिघडतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, आणि गच्च भरलेल्या डब्यात मैत्रिणीशी केलेल्या पाऊण तासाच्या गप्पा वीस मिनिटांच्या ग्राउलपेक्षा महाग पडतात. रात्री अकराला मिसळ खाऊन आडवं झालं की जठरातलं आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जाड. झोपण्याआधी तीन तास पोट मोकळं ठेवावं. आलं-मधाचा चहा प्यावा, छान लागतो, पण तो स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही, तो अन्ननलिकेतून जातो. प्यालेल्या पाण्याचा ओलावा तिथे पोचायला काही तास लागतात, म्हणून पाणी सकाळपासून प्यायचं. लगेच पोचते ती फक्त वाफ. पावसाळ्यातली दमट हवा गळ्याला मानवते, घोडबंदर रोडवरची बांधकामाची धूळ नाही. घसा बधिर करणाऱ्या थंडगार गोळ्या रियाझाआधी अजिबात नकोत. दुखणं हीच एकमेव घंटा आहे, आणि त्या गोळ्या तिचा गळाच आवळतात.

खवखव सहन करायची नाही. ओरडता ओरडता आवाज एकदम गेला तर स्वरतंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. तिथेच गप्प व्हायचं, कुजबुजायचंही नाही आणि लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. नुसता घोगरेपणा दोन आठवडे हटला नाही तरी दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्यायचे.

[दृश्य: तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतला गाळा. दारावर जाड गादी. आत ड्रम, दोन अँप.]

महिन्यातले दोन रविवार जॅम रूम, म्हणजे बँडच्या सरावाची भाड्याची खोली. मेटलला मुंबईत अशा जागा नेहमीच शोधाव्या लागल्या. धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह रॉकवाल्यांचं देऊळ होतं, ते आसपासच्या रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथलं गाणं थांबलं. पुढे १ फेब्रुवारी २००८ला आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडने जगभरचा दौरा वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत हे मुंबईचेच बँड. पण रोजचा सराव घरात नाहीतर गाळ्यात. नियमाने निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ड्रमचा एक ठोकाच याच्या दुप्पट आकड्याकडे जातो.

ड्रम हाच इथला खरा धोका. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की गळा आपोआप जोर लावतो, घरी महिनाभर कमावलेलं दहा मिनिटांत पाण्यात. म्हणून मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, तोंडासमोर, त्यात आधी गाणं, मग बाकीचं. तरी नाही भागलं तर एका कानात बोळा. त्याने हाडातून येणारा आपलाच आवाज मोठा होतो.

माइक साधा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणारा, ओठांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. जाळीवर मूठ आवळून धरण्याची मेटलमध्ये फॅशन आहे. दिसतं झकास. पण मागच्या फटी झाकल्या की माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो, आवाज गढूळ होतो आणि स्पीकर शिट्टी मारतो. गाळ्याचा मालक मिक्सरमागून ओरडतो, "ताई, हात खाली, हात खाली!"

[दृश्य: गाणं. चार ओळी. मग शांतता.]

तीन वेळा चार ओळी. तिसऱ्यांदा 'काळोख' फुटतो, पण 'अंधार' विझत नाही.

मग परत स्ट्रॉ, तीन मिनिटं, आणि सगळ्यात शेवटी एक चाचणी. तार सप्तकातला सा, 'ऊ'वर, शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल इतका हळू. घरून निघताना लावला तेव्हा तो ओठ हलताच आला होता. सूज असेल तर हा हळू स्वरच आधी चुकतो, मोठ्या आवाजात ती लपते. आधी नुसती हवा जाते, सूर मागून येतो.

ती ओठ गोल करते. हवा जाते. सूर अर्ध्या सेकंदाने येतो.

तुर्भे स्टेशनावर नेरूळची गाडी लागलेली आहे. मैत्रीण काहीतरी विचारते. ती मान हलवते, बॅगेतून वही काढते आणि सोमवार-मंगळवारवर काट मारते.