अंगण वाकडं, हात वाकडा की पाय? स्नूकरमधला सरळ क्यू

[कॅमेरा माझ्या पाठीमागे, थोडा वर. ब्राऊनच्या स्पॉटवर, म्हणजे तपकिरी बॉलच्या ठरलेल्या ठिपक्यावर, पांढरा बॉल. टेबलावर दुसरं काही नाही.]

नमस्कार मंडळी. आधी एक शॉट मारतो, मग बोलू.

[शॉट. बॉल वरच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या टोकाच्या रबरी कडेला, लागून परत येतो आणि क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, उजवीकडून निघून जातो.]

बघितलंत? जाताना कसा शहाण्यासारखा गेला. ब्लूच्या ठिपक्यावरून, पिंकच्या, ब्लॅकच्या. आणि परत येताना माझ्या टिपवर, क्यूच्या टोकावर, यायचं सोडून हा असा वीतभर उजवीकडून पळाला.

पार्लरमध्ये असं झालं की आपण काय करतो? पहिल्यांदा टिपकडे बघतो. मग चॉक लावतो. मग क्यू डोळ्यासमोर धरून तो वाकलाय का बघतो. शेवटी टेबलाकडे असं बघतो, जणू त्यानं आपले पैसे बुडवलेत. नाचता येईना, अंगण वाकडं.

आता अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं, त्याच्यावरही येतो. पण आजचा विषय आहे क्यू सरळ चालवण्याचा सराव. आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान टेबलावर आधीच काढून ठेवलेलं आहे.

[कॅमेरा वरून. बोटानं स्पॉट दाखवत.]

हा ब्राऊन. हा ब्लू, बरोबर टेबलाच्या मध्यावर. हा पिंक. हा ब्लॅक, वरच्या कुशनपासून पावणेतेरा इंचांवर. चारही एका रेषेत. सुतार रंगवलेली दोरी ताणून फळीवर रेघ उठवतो ना, तशी रेघ इथे आहे, फक्त दिसत नाही. ब्राऊनपासून वरच्या कुशनपर्यंत सुमारे सव्वानऊ फूट. जाऊन-येऊन साडेअठरा. चांगल्या लांबच्या पॉटपेक्षाही, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालायच्या शॉटपेक्षाही, हे अंतर जास्त आहे, म्हणून ही परीक्षा कडक आहे.

किती कडक, ते ऐका. समजा तुमची दिशा 1 अंशानं चुकली. 1 अंश म्हणजे डोळ्याला कळतही नाही. तर ब्लूच्या स्पॉटपाशी बॉल जेमतेम 2 सेंटिमीटर सरकलेला असतो. वरच्या कुशनला पोचेपर्यंत 5. स्नूकरच्या बॉलचा व्यास 52.5 मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ अख्खा बॉल चुकला. परत येईपर्यंत 10 सेंटिमीटर. आणि आपण म्हणतो, "अरे, थोडक्यात हुकला."

आता हा सराव सगळेच करतात. शाळकरी मुलांनाही पहिल्या दिवशी हाच देतात. पण बहुतेक लोक बॉल परत आला की नाही एवढंच बघतात. नाही आला की पुन्हा मारतात. तसं 200 वेळा मारलं तर एकच होतं, चूक पक्की होते. बॉल परत येताना काहीतरी सांगत असतो, ते वाचायला शिका.

दोन वेगळ्या चुका आहेत, आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

पहिली: बॉल जातानाच रेघ सोडतो. ब्लूच्या ठिपक्यापाशीच तो बाजूला दिसतो. ही दिशेची चूक. तुम्ही रेघेवर नव्हतात, किंवा क्यू रेघेवरून गेला नाही.

दुसरी: जाताना सरळ, येताना वाकडा. माझा आत्ताचा शॉट. इथे दिशा ठीक होती, टिप बॉलच्या मध्यावर लागली नाही. नको असलेली साईड, म्हणजे बाजूची फिरकी, लागली. उजवीकडे लागली तर बॉल स्वतःभोवती फिरत वर जातो, कुशनला चिकटल्याक्षणी ती फिरकी पकड घेते आणि बॉल उजवीकडे येतो. डावीकडे लागली तर डावीकडे. कुशन लागेपर्यंत हे गुपित राहतं, म्हणून आपल्याला वाटतं की शॉट चांगला होता आणि कुशननं दगा दिला.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. साईड लागलेला बॉल निघताना अगदी किंचित उलट्या बाजूला ढकलला जातो. त्यामुळे कधीकधी एक चूक दुसरीला झाकते आणि बॉल चक्क पॉट होतो. त्या पॉटवर फार खूश होऊ नका.

आणि हो, जोर. बॉल परत येऊन ‘डी’पर्यंत, म्हणजे ब्राऊनपाशी आखलेल्या अर्धवर्तुळापर्यंत, पोचेल इतकाच. बॉल दोनदा-तीनदा टेबल फिरून आला तर तुम्ही व्यायाम करताय.

[कॅमेरा जमिनीवर. माझे बूट.]

आता माझ्या मनातलं. बहुतेकांचा हात वाकडा नसतो. उभं राहणंच वाकडं असतं. आणि मग हात बिचारा शेवटच्या क्षणी ते सांभाळून घ्यायला बघतो. घरात एकानं गोंधळ घालायचा आणि दुसऱ्यानं निस्तरायचा, तसं.

मी शिकत होतो तेव्हा आमच्या क्लबात एक मार्कर काका होते. क्लबात खेळलेल्यांना माहीत आहे, मार्कर म्हणजे स्कोर लिहिणारा, बॉल लावणारा, टेबलाला ब्रश करणारा माणूस, आणि बरेचदा तिथला सगळ्यात चांगला खेळाडूही तोच. मी कोपराबद्दल, मनगटाबद्दल प्रश्न विचारून त्यांचं डोकं खात होतो. एके दुपारी ते काही न बोलता खाली बसले आणि निळ्या चॉकनं माझ्या बुटांभोवती फरशीवर रेघ काढली. म्हणाले, "मार." मारला. "उठ. परत ये. मार." परत रेघ काढली. असं 10 वेळा. मग मला बाजूला उभं केलं आणि म्हणाले, "बघ."

फरशीवर 10 जोड्या बूट होते, मंडळी. एकही दुसऱ्यावर बसत नव्हता. आणि मी मनगटाबद्दल विचारत होतो.

तर हे करा. खाली वाकून मग रेघ शोधू नका. दोन पावलं मागे उभे राहा, क्यू हातात, नजर ब्लॅकच्या स्पॉटवर. चालत रेघेवर या. उजव्या हातानं खेळत असाल तर उजवा पाय रेघेवर पडला पाहिजे, डावा बाजूला, आरामात. मग कमरेतून खाली जा, डोकं रेघ न सोडता. खाली गेल्यावर जर वाटलं की क्यू थोडा तिरका आहे, तर क्यू सरकवायचा मोह होईल. होणारच. तो आवरा, उठा, पुन्हा चालत या. सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि म्हणूनच कुणी करत नाही.

[समोरून कॅमेरा. हनुवटी क्यूवर.]

आता डोळे. मराठीत सरळ माणसाला आपण नाकासमोर चालणारा म्हणतो. क्यूचं तसं नाही. तो नाकासमोरच असला पाहिजे असा नियम नाही. अंगठा लांबवर एखाद्या ठिपक्यावर धरा, एकेक डोळा मिटून बघा. ज्या डोळ्यानं अंगठा जागचा हलत नाही तो तुमचा मुख्य डोळा. काहींचा क्यू त्या डोळ्याकडे झुकलेला असतो, काहींचा मधोमध. जुन्या काळचे इंग्लिश खेळाडू जो (Joe) डेव्हिस यांचा उजवा डोळा अधू होता, त्यांचा क्यू डाव्या डोळ्याखालून चालायचा. 1927 ते 1946 या काळात या माणसानं 15 वेळा जागतिक स्पर्धा जिंकली. तेव्हा कुणी तुमची हनुवटी धरून मधोमध बसवायला आला तर आधी त्याला हे सांगा.

[बाजूनं कॅमेरा. कोपर आणि हात.]

हात. गवंडी भिंत उभी आहे का बघायला ओळंबा सोडतो. तुमचं कोपर म्हणजे त्याची दोरी बांधलेली जागा, मूठ म्हणजे खालचं वजन. टिप बॉलला टेकते त्या क्षणी कोपरापासून मुठीपर्यंत हात ओळंब्यासारखा सरळ खाली लोंबत असावा. मूठ फार पुढे असेल तर बॉलपलीकडे क्यू जायला जागाच उरत नाही. फार मागे असेल तर टिप खाली-वर होते.

आणि पकड. दुचाकीचं हँडल धरता तशी नको. रिकाम्या बादलीची कडी बोटांत अडकवून चालता ना? कडी बोटांत असते, पडत नाही, आणि तुम्ही ती आवळतही नाही. तेवढीच. पकड आवळली की मनगट फिरतं, मनगट फिरलं की टिप बाजूला जाते, आणि मग बॉल वीतभर उजवीकडून येतो. माझा मघाचा शॉट बहुधा असाच झाला होता.

फेदरिंग, म्हणजे मारण्याआधी क्यू मागेपुढे खेळवणं, तीन वेळा करा, चार वेळा करा, पण दर वेळी तितकंच. शेवटचं मागे नेणं सावकाश. तिथे क्षणभर थांबा. नजर ब्लॅकच्या स्पॉटवर. मग पुढे, बॉलच्या पलीकडे.

आणि मग हलायचं नाही. आपल्यात एक जमात आहे, उतरायचं दादरला पण माटुंगा गेलं नाही तोच दाराशी उभी. तसे आपले खेळाडू. टिप बॉलला लागायच्या आत डोकं वर, बॉल कुठे गेला बघायला. अहो, तो येतोच आहे परत तुमच्याकडे! बॉल टिपला टेकेपर्यंत हनुवटी क्यूवरून उचलायची नाही.

इथे कुणीतरी हमखास म्हणणार, "ॲलेक्स हिगिन्स तर शॉटवर अख्खा हलायचा, तरी 1972 आणि 1982 ला वर्ल्ड चॅम्पियन झाला." झाला. पण टिप बॉलला लागते त्या इंच-दोन इंचात त्याचा क्यू कुठे चालला होता ते बघा. बाकीचं नाचणं त्याला परवडत होतं. आणि उलटही आहे. स्टीव्ह डेव्हिसनं वडिलांबरोबर बसून तंत्र घोटलं, यंत्रासारखा सरळ क्यू. 1985 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात 17-17 अशी बरोबरी, शेवटचा ब्लॅक, मध्यरात्र उलटलेली, आणि त्यानं तो ब्लॅक जास्त कापला. डेनिस टेलर जिंकला. सरळ क्यू असूनही बॉल हुकतात. फक्त ते का हुकले हे नंतर कळू शकतं.

[पुन्हा वरून कॅमेरा. ब्लूच्या दोन्ही बाजूंना एकेक रेड.]

सराव थोडा पुढे न्यायचा तर हे दार लावा. ब्लूच्या स्पॉटच्या दोन्ही बाजूंना एकेक रेड, म्हणजे लाल बॉल, मधून पांढरा बोटभर मोकळ्या जागेनं जाईल असं. जाताना रेडला धक्का लागला तर दिशा चुकली. जाताना साफ गेला आणि परत येताना रेडला आपटला तर साईड. दार स्वतःच निदान करतं. जमायला लागलं की रेड एकमेकांजवळ आणा.

त्यानंतर सरळ पॉट. ब्लू त्याच्या स्पॉटवर, पांढरा, ब्लू आणि कोपऱ्यातलं पॉकेट एका रेषेत. पांढरा जागच्या जागी थांबेल असा शॉट. ब्लू गेला की सगळे टाळ्या वाजवतात, तुम्ही मात्र पांढऱ्याकडे बघा. तो मेल्यासारखा थांबला तर उत्तम. जागेवर भोवऱ्यासारखा फिरत राहिला तर ब्लू जाऊनही शॉट चुकलेलाच आहे.

घरी टेबल नसेल तर पाण्याची रिकामी बाटली जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवून, तोंडाला स्पर्श न करता क्यू आतबाहेर करायचा, हे लोक सांगतात. करा, सावकाश मागे नेण्याची सवय लागते. पण माझ्या मते त्याचा फार गवगवा झालाय. बाटली परत येऊन काही सांगत नाही.

आता राहिलं अंगण. स्नूकर 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये सुरू झालं, पावसाळ्यात साहेबांना बाहेर पडता येईना म्हणून, असं सांगतात. आणि त्याच पावसाळ्यात आपल्याकडच्या टेबलांचं काय होतं? मुंबईत जुलैमध्ये खेळून बघा. कापड दमट, बॉल जड, कुशनचा मूडच वेगळा. कापडाला लवही असते, ‘डी’कडून ब्लॅककडे. परत येणारा बॉल लवेच्या विरुद्ध येतो आणि हळू झाला की भरकटू शकतो. तर ओळखायचं असं: कुशनला लागल्याक्षणी दिशा बदलली तर आपण. धावताधावता, शेवटी मंद होताना, दर वेळी त्याच जागी वळला तर टेबल. खात्री नसेल तर मित्राला त्याच जागेवरून मारायला सांगा. त्याचाही तिथेच वळला तर खुशाल अंगणाला नावं ठेवा.

किती करायचं? 20 बॉल. पार्लरमध्ये घड्याळ चालू असतं आणि मित्र हसतात, मान्य आहे. दुपारी जा, टेबलं रिकामी असतात. प्रत्येक बॉलनंतर फोनमध्ये एक अक्षर टाका: स, उ, किंवा डा. आठवड्यानं बघा. सगळे ‘उ’ असतील तर ती एकच चूक आहे, सापडेल. उ, डा, स, डा, उ असं असेल तर बुटांभोवती चॉक काढा.

[कॅमेरा पुन्हा पाठीमागे. पांढरा ब्राऊनच्या स्पॉटवर. दोन पावलं मागे जाऊन, चालत रेघेवर येतो.]

चला, एक शेवटचा.

[शॉट. हनुवटी क्यूवरच. बॉल परत येतो.]

...उजवीकडे. दोन बोटं. मघाशी वीतभर होता.

[खाली बघत.]

थांबा, पाय कुठे आहे माझा?