चांदीचा ससा उलटा धरून बघताना

मंडळी, पडद्यावर दिसतोय तो ससा म्हणजे सुरई आहे. डोकं बिजागरीवर मागे उघडतं आणि वाइन मानेतून ओतली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियातल्या उमरावांच्या टेबलांवर असे प्राणी असत. फाबर्जे या रशियन जवाहिऱ्याच्या पेढीसाठी सेंट पीटर्सबर्गमध्ये युली रापोपोर्त हा कारागीर चांदीच्या प्राण्यांसाठी प्रसिद्ध होता. जेवणानंतर सिगारसाठी फिरवायचे लायटरही प्राण्यांचेच. पोकळ पोटात स्पिरिट आणि वर वात.

वस्तू हातात आली की बहुतेक जण आधी छाप, म्हणजे चांदीची शुद्धता सांगणारा शिक्का, शोधतात. मी म्हणेन, आधी सांधे बघा. मोठं धड साधारणपणे पत्रा ठोकून दोन भागांत करतात, पाय आणि कान ओतीव असतात, मग डाख देऊन सगळं जोडतात. केसांच्या रेषा त्यानंतर छिन्नीने कोरल्या जातात, म्हणून चांगल्या कामात त्या सांध्यावरून न तुटता जातात. रेषा सांध्यापाशी थबकल्या किंवा तिथे करडा, मऊ धातू दिसला, तर नंतर कोणीतरी शिशाच्या डाखेने दुरुस्ती केली आहे असं समजा. हे फार वाईट. पुढे कोणी तिथे चांदीची डाख द्यायला भट्टी लावली, तर शिसं चांदीत शिरून खड्डे पाडतं.

आता छाप. ८४ म्हणजे झोलोत्निक या जुन्या रशियन वजनाच्या हिशेबात ९६ पैकी ८४ भाग चांदी, हजारी हिशेबाने ८७५. ८८ असेल तर सुमारे ९१६. सोबत कोकोश्निक ही पारंपरिक शिरोभूषा घातलेल्या स्त्रीचं डोकं असतं: १८९९ ते १९०८ डावीकडे वळलेलं, त्यानंतर उजवीकडे. तेव्हा उजवीकडे बघणारं डोकं असलेली वस्तू कोणी १९०० ची म्हणून विकत असेल, तर नमस्कार करून निघावं. सुटं डोकं असलेल्या वस्तूत दोन्ही भागांवर छाप शोधा. अस्सल वस्तूचा साचा काढून ओतलेल्या नकलेत छापही ओतीवच येतो: कडा बोथट, अक्षरांत बारीक दाणे. शिवाय थंड होताना चांदी आकसते, त्यामुळे नक्कल किंचित लहान भरते. मापपट्टी जवळ ठेवा.

आतला सोन्याचा मुलामा शोभेपुरता नाही. वाइनचं आम्ल आणि मिठातलं क्लोराइड चांदीला खातं. मीठदाणीत तर मुलामा झिजला की काळे खड्डे पडलेच. मीठ भरायचंच असेल तर काचेची वाटी ठेवा, आणि जेवण झालं की रिकामी करा.

साफ करताना वस्तू द्रावणात बुडवू नका. द्रावण बारीक फटीतून पोकळ धडात शिरतं आणि आतून गंजवत राहतं. खडूची बारीक पूड, पाणी आणि कापूस पुरे, तेही मुलाम्यापासून दूर. केसांच्या खाचांतला काळेपणा मुद्दाम राखलेला असतो. तो घासून काढला की ससा गुळगुळीत भांडं होतो. कपाटात रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळी रेघ उमटते.