जिनाचं लॉन झालं, टेशनावर तूर वाळते : वऱ्हाडातल्या इमारती

[चिमणी, खालून वर जाणारा शॉट. मागं बसस्टँडचा आवाज.]

नमस्कार मंडळी. हा व्हिडिओ इमारतींचा आहे, पण याच्यात राजवाडा-बिजवाडा काही येणार नाही. वऱ्हाडातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी एसटीतून उतरा, मान वर करा, पहिले काय दिसते तर विटांची चिमणी, तिच्या टोकाशी उगवलेलं पिंपळाचं झाड. पत्ता विचारला तर लोक सांगतील जिनाच्या मागं, जिनापासून डाव्या हातानं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, ही चिमणी त्याचीच. जिन बंद होऊन जमाना झाला तरी पत्ता तोच चालतो, आणि मला विचाराल तर आमच्या गावची सगळ्यात मोठी ओळख हीच.

मी फोटोग्राफर. स्टुडिओ काकांनी टाकलेला, आता मी चालवतो, पोटासाठी लग्न, बारसं, पासपोर्ट साईज, आणि वेळ काढून या जुन्या इमारती. सुरुवातीला मी पण तसेच फोटो काढायचो जसे सगळे काढतात, पडकी भिंत, तुटकी खिडकी, तिच्यातून येणारं ऊन. छान दिसतात ते, लाईक पण भरपूर येतात. पण ते बघून इमारतीत चालायचं काय हे कोणालाच समजत नाही, म्हणून आता मी जागेवर गेलो की पहिले विचारतो, चाबी कोणाकडं आहे, आतमध्ये सध्या काय ठेवलं आहे, आणि पहिले इथं कोण बसायचं. कॅमेरा त्याच्यानंतर बॅगेतून निघते.

[जुना नकाशा, त्याच्यावर रेल्वेची रेघ.]

आता इतके जिन इथंच काऊन, ते थोडक्यात सांगतो. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडं गेला, १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला आणि साहेबाला आपली काळी जमीन दिसली. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८७० ला खामगावचा फाटा, १८७१ ला बडनेऱ्यावरून अमरावतीचा. हे फाटे माणसांसाठी नाही, कापसाच्या गाठींसाठी टाकले बावा. आणि जिथं गाठ बांधायची तिथं जिन आणि प्रेस पाहिजेच, कारण सरकीसकट कापूस एवढा फुगलेला असते की तसाच वॅगनमध्ये भरणं परवडत नाही. सरकी वेगळी, रुई वेगळी, मग रुई दाबून गाठ, आजच्या हिशोबानं एक गाठ १७० किलोची.

[जिनाच्या आत. लोखंडी खांब, कॅमेरा हळूहळू फिरतो.]

हे बघा, आता आपण आत आलो. ही लांब शेड म्हणजे रेचेघर, रेचा म्हणजे सरकी काढायची मशीन. दोन्ही बाजूनं रेच्यांची लाईन, मधातून जायला वाट, एका वाफेच्या इंजिनावर लांबलचक दांडा फिरायचा आणि त्याच्यावरून प्रत्येक रेच्याला पट्टा. चिमणी त्या इंजिनासाठी. रेच्यावर बाया बसायच्या, हातानं कापूस सारायच्या, एका बाजूला रुई पडणार आणि सरकी खाली. वर आढ्याकडं झूम करतो, दिसते का ते? छपराच्या कैचीच्या कोपऱ्यात पांढरट-करडं काहीतरी चिकटून आहे, लोकांना जाळं वाटते, ते जाळं नाही, रुईचा फुफाटा आहे. एवढ्या वर्षांत कोणी तिथवर शिडी लावली नाही म्हणून राहिला. त्या कोपऱ्यात मी लेन्स बदलून बदलून फोटो काढले, कारण या शेडमध्ये कापसाचा तेवढाच पुरावा उरला, बाकी मशीन कधीच भंगारात गेली.

आणि ही शेड आता काय आहे? लॉन. मंगल कार्यालय. खांबांना गुलाबी कापड, वरून झुंबर, रेच्यांच्या जागी खुर्च्या. मी इथंच लग्नाच्या ऑर्डरी करतो. फाटक बघा केवढं रुंद, कापसाच्या भरलेल्या दोन बैलगाड्या एकमेकींना घासल्याशिवाय निघाव्या म्हणून एवढं, आता त्यातून डीजेची गाडी आरामात येते. वजनकाट्याची खोली होती ती वधूपक्षाची रूम झाली. आणि आवारातला हा हौद, निळा रंग मारून कारंजं बसवलं, जोडपी इथं उभं राहून फोटो काढून घेतात. हौद होता आगीसाठी. वाळलेला कापूस, रगडणारं लोखंड, ठिणगी पडायला काय लागते? म्हणून प्रत्येक जिनात पाण्याचा मोठा साठा ठेवावाच लागे, गंजीला लागलेली आग वरून विझलेली दिसते पण आतमध्ये धुमसत राहते, त्यामुळं दोन-चार बादल्यांचं ते काम नाहीच.

एका लग्नात मी स्टेजसमोर लाईट लावून राहिलो होतो तेव्हा पाहुण्यांतली एक आजी उठली, जेवणाच्या टेबलांमधून चालत गेली आणि एका खांबाला हात लावून उभी राहिली. मी गेलो जवळ. म्हटलं, "आजी, काही पाहिजे का?"

तर म्हणते, "काही नाही रे लेका. मी अठी बसत होती. या खांबापासून तिसऱ्या रेच्यावर. दिवाईपासून होईलोक. तू फोटो काढून राहिला ते बरं करून राहिला, पण मले विचार नं, कोण कुठी बसे ते."

मी विचारलं. तिनं खांबाखांबानं नावं सांगितली, कोणाचं लेकरू टोपलीत झोपायचं, कोणाचा पदर पट्ट्यात अडकला होता, मुकादम कुठं उभा राहायचा. तिचा फोटो मी त्याच खांबाजवळ घेतला, मागं गुलाबी कापड, हातात जेवणाची पत्रावळ. जिनाचा असा फोटो माझ्याकडं दुसरा नाही.

[काकांच्या जुन्या निगेटिव्ह, एकामागून एक.]

काकांच्या डब्यात काही निगेटिव्ह सापडल्या, एकाधिकार खरेदीच्या वेळच्या. १९७२ पासून कितीतरी वर्षं कापूस सरकारी खरेदीतच द्यावा लागायचा, खरेदी केंद्रं बरीचशी जिनांच्या आवारात, आणि फाटकाबाहेर बैलगाड्यांची लाईन. नंबर लागेपर्यंत रात्र गाडीखाली काढायची. या फोटोत बघा, गाडीखाली माणूस झोपला आहे, डोक्याखाली दुपट्टा, बाजूला कंदील, बैल कडबा खाऊन राहिले. काकांनी हा फोटो इमारतीचा म्हणून काढलाच नसेल, पण मागं जिनाची भिंत आहे, तिच्यावर तेव्हाच्या भावाचा फळा आहे आणि फाटक शाबूत आहे. इमारतीचा फोटो असा पाहिजे.

लोक मला म्हणतात, अरे जिनाचं लॉन केलं, वाटोळं केलं. मला नाही पटत. वापर बदलला तरी छप्पर राहते, कारण पाणी गळलं तर लॉनवाल्याच्या बुकिंग जातात, तो पत्रा बदलतोच. रिकामी पडलेली इमारत कशी जाते ते मी गावोगावी पाहिलं आहे, क्रम ठरलेला आहे. पहिले दार-खिडक्या. मग टिनं. टिनं गेली की पावसात सागवान उघडं पडते, ते पण एक दिवस ट्रॅक्टरमध्ये जाते, आणि मग मातीत बांधलेली भिंत दोन-तीन पावसाळ्यांत खाली. त्यानंतर चुना टाकून प्लॉट पाडलेले दिसतात. मला खरं दुःख प्लॉटचं होते, लॉनचं नाही.

[नागपूर. रहदारी, मॉलचा दर्शनी भाग.]

नागपुरात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून ते नाव. आता त्या जागेवर एम्प्रेस सिटी मॉल. आमच्याकडच्या पोरांना एम्प्रेस म्हणजे मॉलच माहीत, त्यांचा काही दोष नाही, त्यांना कोणी दुसरा फोटो दाखवलाच नाही.

फोटोग्राफर म्हणून मला जुन्या कापड गिरण्यांच्या छपरांचा फार जीव लागला आहे. करवतीच्या दातांसारखं छप्पर, प्रत्येक दाताची सरळ बाजू काचेची आणि ती काच उत्तरेकडं. आपल्याकडं उत्तरेकडून ऊन सहसा सरळ येत नाही, त्यामुळं शेडमध्ये दिवसभर एकसारखा मऊ उजेड, सावली कडक पडत नाही, तुटलेला धागा डोळ्याला लगेच दिसतो. हाच उजेड माणसाच्या चेहऱ्याला पण सगळ्यात चांगला, आम्ही स्टुडिओत सॉफ्टबॉक्स लावून तोच आणायचा प्रयत्न करतो. हिंगणघाट, पुलगाव ही आपली गिरण्यांची गावं, तिथं ज्यांनी काम केलं त्यांनी घरचे फोटो काढून बघा, शेडमध्ये काढलेला एखादा ग्रुप फोटो असेल तर त्यातले चेहरे बघा, किती साफ आलेले असतात.

[विधानभवन, बाहेरून.]

विधानभवनाबद्दल दोन शब्द. आपल्या घरची म्हातारी माणसं नागपूरला राजधानीच म्हणायची, कारण ती होतीच, सीपी अँड बेरारची म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, आणि स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशची, १९५६ पर्यंत. १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हापासून ही इमारत खऱ्या अर्थानं जागी होते ती हिवाळी अधिवेशनापुरती. मग मोर्चे येतात, आमच्या गावातून पण गाड्या भरून जातात, कापसाच्या भावासाठी, आणि परत येतात. मी एकदा मोर्चासोबत गेलो तेव्हा इमारतीपेक्षा बॅरिकेडचे फोटो जास्त आले, कारण आमच्या माणसांना त्या इमारतीचं एवढंच दर्शन होते.

[नॅरो गेजचं टेशन. वारा. दूर शेळ्या.]

आता शकुंतला रेल्वे. हिच्यावर मी तासभर बोलू शकतो. यवतमाळ-मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर-अचलपूर, दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर असलेली लाईन. किलिक निक्सन कंपनीनं १९१० ला सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, हेतू एकच, कापूस मेन लाईनपर्यंत आणायचा, तिथून मुंबई आणि पुढं इंग्लंड. बाकी रेल्वे सरकारी झाली तरी ही लाईन कंपनीच्याच मालकीची राहिली, गाडी मात्र सरकारी रेल्वे चालवायची. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन, मग डिझेल, आणि मग गाडीच बंद.

पण टेशनं बंद नाहीत झाली, हे मला दाखवायचं आहे. हे टेशन बघा, कौलारू, पुढं ओटा, तिकिटाची खिडकी एवढीशी की हात जेमतेम जाईल. प्लॅटफॉर्मवर तूर वाळत घातली आहे. सावलीत ही चार पोट्टी पोलीस भरतीचा अभ्यास करून राहिली, सकाळी रुळाच्या बाजूनं धावतात, मोकळी सपाट जागा गावात दुसरी आहे कुठं? शेळ्या आहेत. एक काकाजी रोज संध्याकाळी येऊन बाकड्यावर बसतात, मी विचारलं, "काकाजी, गाडी तर नाही येत आता." तर म्हणे, "गाडीसाठी कोण बसते बापू, हवा चांगली येते अठी." त्यांनी सांगितलं की पहिले दवाखान्यात जायचं तर शकुंतला, लेकीला सासरी घालवायचं तर शकुंतला, आणि एसटीपेक्षा तिकीट इतकं स्वस्त की मजूर माणूस तिच्याशिवाय कुठं जायचाच नाही. मला वाटते, गाडी परत सुरू व्हावी म्हणून लोक मागणी करून राहिले ते बरोबरच आहे, पण तोवर या टेशनांची कौलं तरी कोणी बदला. आजचा वापर करणारी माणसं तिथं आहेत, त्यांच्याच हातात चाबी द्या, ते सांभाळतील.

[जिल्हा परिषद शाळा. वर्गाची भिंत, पाढे.]

एक इमारत राहिली, तिच्याकडं कोणी इमारत म्हणून बघतच नाही. झेडपीची शाळा. निवडणुकीत मतदान केंद्र, पुरात निवारा, आणि २०२० ला विलगीकरण कक्ष. पुण्याहून, सुरतहून परत आलेली आमचीच पोरं चौदा-चौदा दिवस वर्गात राहिली. हा फोटो मी खिडकीच्या बाहेरून काढला, आत जायची परवानगीच नव्हती. भिंतीवर तेराचा पाढा, खाली गादी, गादीवर बसलेला पोरगा स्वतः त्याच वर्गात शिकलेला, आणि खिडकीच्या गजाला घरून आलेला जेवणाचा डबा टांगलेला. त्याची माय फाटकाबाहेर उभी, ती फ्रेममध्ये नाही आली, लेन्सच तेवढी रुंद नव्हती माझ्याकडं. शाळेचा हा वापर कोणत्याही रेकॉर्डला एका ओळीत लिहिला असेल, पण आमच्या गावाला तो आयुष्यभर लक्षात राहणार. आता पटसंख्या कमी झाली म्हणून शाळा बंद होतील अशी चर्चा चालू असते, तर मी म्हणतो की पोरं आत बसलेली असतानाचे फोटो आत्ताच काढा, मोबाईलनं काढा, कॅमेरा पाहिजे असं काही नाही.

[कळंबकडं जाणारा रस्ता, बाजूला नवी लाईन.]

वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं काम चालू आहे, वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. पुढं अजून काम बाकी आहे, तिथं बिहारचे, छत्तीसगडचे आणि आपल्याकडचे मजूर बांधकामावर आहेत. आमचं आता ठरलं आहे, मी आणि माझा असिस्टंट तिकडं जाऊन राहिलो, सेंट्रिंगवाले, गवंडी, ओल्या सिमेंटवर पाणी मारणाऱ्या बाया, सगळ्यांचे फोटो नावासकट. तुमच्या गावचं कोणी तिथं कामाला असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा, त्यांची जेवणाची सुट्टी किती वाजता होते ते पण लिहा, कामाच्या मधात थांबवून फोटो काढलेला मुकादमाला चालत नाही.